संगणकांत आधीं काय बदलावें?

वार्षिक परीक्षा संपून सुटी लागली म्हणजे आमच्याकडे विद्यार्थ्यांची एक निराळीच रीघ लागते. कोणी निकालाविषयीं विचारीत नाहीं, कोणी पुस्तक मागत नाहीं. प्रश्न बहुधा एकच असतो : "सर, आमच्या संगणकावर खेळ अडखळत चालतो, आतां त्यांत काय नवें बसवूं?" कित्येकदां मुलाच्या मागें त्याचे वडीलहि उभे असतात. त्यांचा प्रश्न निराळा असतो. ते हळूच विचारतात, "हा म्हणतो तेवढ्या खर्चाची खरोखरच गरज आहे काय?" हे दोन्ही प्रश्न रास्त आहेत, आणि दोहोंचें उत्तर एकाच ठिकाणीं सांपडतें, असें आम्हांस अनुभवानें कळून आलें आहे.

हा अनुभव आम्हांस फुकट मिळालेला नाहीं. आणि त्याची किंमत आम्हीं न देतां दुसऱ्यानें दिली, हें आधींच सांगणें बरें. तीन वर्षांमागें कुंडलांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह आमच्याकडे आला. त्यांच्या घरीं एका कचेरींतून निघालेला जुना संगणक होता. वडिलांनीं ऊसबिलाच्या हप्त्यांतून 7,500 रुपये मुलासाठीं बाजूस काढले होते. आम्हीं संगणकाची पेटी न उघडतां उभ्याउभ्याच सांगितलें, "एक चांगलें ग्राफिक्स कार्ड घ्या, म्हणजे झालें." दोघेहि सांगलीस गेले व वापरलेलें एक मोठें कार्ड घेऊन आले. घरीं येऊन पाहतात तों कार्ड पेटीपेक्षां लांब! पेटी उघडी ठेवून तें कसेंबसें बसविलें, तर त्या कार्डास जी वेगळी वीजजोडणी लागते, ती त्या संगणकाच्या एसएमपीएसला मुळींच नव्हती. दुकानदारानें माल परत घेतला नाहीं. शेवटीं तें कार्ड दुसऱ्या एकास 5,000 रुपयांस द्यावें लागलें. अडीच हजार रुपये गेले ते गेलेच. परंतु त्या रात्रीं त्या घरांत बापलेकांमध्यें जें बोलणें झालें, त्याची भरपाई कशानें व्हावी? दोष मुलाचा नव्हता. दोष आमच्या घाईच्या उत्तराचा होता.

तेव्हांपासून आम्हीं एक नियम केला आहे : पेटी उघडून पाहिल्यावांचून सल्ला द्यावयाचा नाहीं. त्या नियमामागील कारणें आमच्या विद्यार्थ्यांस व त्यांच्या पालकांस समजावून सांगावीं, एवढाच या लेखाचा हेतु आहे.

पंप आणि पाइप

हें तत्त्व समजण्यासाठीं कुंडलच्या माणसास दूर जावयास नको. आपल्या गांवाशेजारीं किर्लोस्करवाडी आहे. 1910 सालीं लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं औंध संस्थानच्या अधिपतींनीं दिलेल्या जमिनीवर, त्या वेळच्या कुंडल रोड स्टेशनाजवळ, आपला कारखाना वसविला. लोखंडी नांगरासाठीं प्रसिद्ध झालेला हा कारखाना पुढें पंपांसाठीं नांवाजला. ज्याच्या विहिरीवर पंप आहे त्या प्रत्येक शेतकऱ्यास एक गोष्ट ठाऊक असते. पाइप दोन इंचीच ठेवून पांच अश्वशक्तीच्या मोटरीऐवजीं दहा अश्वशक्तीची बसविली, तर पाणी दुप्पट होत नाहीं. वीज मात्र अधिक जाते. पाइप मोठी घातली आणि विहिरीलाच झरा नसला, तरी खर्च व्यर्थ. पाणी किती यावें हें सर्वांत मोठा भाग ठरवीत नाहीं. सर्वांत अडचणीची जागा ठरवीत असते.

संगणकाचेंहि असेंच आहे. कोणताहि खेळ चालू असतांना त्यांतील एक भाग इतरांपेक्षां मंद असतो, आणि बाकीचे भाग त्याची वाट पाहत बसतात. ती अडणारी जागा शोधून तेथें पैसा घातला तरच फळ दिसतें. अन्यत्र घातलेला पैसा दोन इंची पाइपेवरील दहा अश्वशक्तीच्या मोटरीसारखा होय.

कोणता भाग कोणतें काम करतो?

प्रोसेसर हा कुशल कारागीर आहे. खेळाचे नियम, चेंडूची गति, प्रतिपक्षाच्या हालचाली, या सर्वांचा हिशेब तो करतो. असे कारागीर संगणकांत थोडे असतात. साध्या यंत्रांत चार किंवा सहा. परंतु प्रत्येकजण गुंतागुंतीचें काम करूं शकतो.

ग्राफिक्स कार्ड ही ऊसतोडीची टोळी समजावी. 2019 सालच्या जीटीएक्स 1650 या साध्या कार्डांतहि 896 गणनकेंद्रें आहेत. प्रत्येकाचें काम सोपें असतें. पडद्यावरील बिंदूंचा रंग ठरवावयाचा. मात्र तीं सर्व एकाच वेळीं फडांत उतरतात, म्हणून काम झपाट्यानें उरकतें. पुण्याच्या सी-डॅक संस्थेनें 1991 सालीं 'परम 8000' हा महासंगणक सिद्ध केला, त्यांतहि एका बलाढ्य यंत्राऐवजीं अनेक लहान प्रोसेसरांत काम वांटून देण्याचीच युक्ति होती.

रॅम म्हणजे कारागिराच्या पुढ्यांतील बाक. हातीं घेतलेलें सामान त्यावर मांडलेलें असतें. बाक अपुरा पडला कीं प्रत्येक वस्तूसाठीं कोठारांत जावें लागतें. तें कोठार म्हणजे हार्ड डिस्क किंवा एसएसडी. हार्ड डिस्क ही फिरती तबकडी असल्यामुळें ती सेकंदास साधारणपणें 100 ते 200 मेगाबाइट माहिती देते, आणि तीहि माहिती ओळीनें लावलेली असेल तर. साटा जोडणीची एसएसडी सुमारें 550 मेगाबाइटपर्यंत देते व विखुरलेली माहितीहि चटकन शोधते.

एसएमपीएस हा घरांतील 230 व्होल्टांची वीज घेऊन ती 12 व्होल्ट इत्यादि कमी दाबाच्या विजेंत बदलतो आणि सर्व भागांस पुरवितो. मदरबोर्ड या सर्वांचा पाया आहे. कोणता प्रोसेसर व कोणती रॅम बसेल, हें तोच ठरवितो.

थोडें गणित

खेळांतील हालचाल म्हणजे एकामागून एक दिसणारीं स्थिर चित्रें होत. सेकंदास 60 चित्रें हवीं असतील तर प्रत्येक चित्रास 16.7 मिलिसेकंदच मिळतात. 30 चित्रें पुरत असतील तर 33.3 मिलिसेकंद. तेवढ्या वेळांत प्रोसेसरनें आपला हिशेब आणि कार्डानें आपलें रंगकाम, दोन्ही उरकलीं पाहिजेत. दोघेहि एकाच वेळीं काम करीत असतात. कार्ड एक चित्र रंगवीत असतें तोंवर प्रोसेसर पुढल्याची तयारी करतो. म्हणून जो मंद, त्याचाच वेळ मोजावयाचा.

आतां समजा, एका संगणकांत प्रोसेसरास 12 व कार्डास 30 मिलिसेकंद लागतात. चित्रें सेकंदास 33 मिळतील. नवें कार्ड आणलें व तें 10 मिलिसेकंदांत काम करूं लागलें, तर आतां प्रोसेसरचे 12 हेच मोठे ठरले; चित्रें 83 झालीं. पैसा सार्थकीं लागला.

दुसऱ्या संगणकांत प्रोसेसरास 28 व कार्डास 30 मिलिसेकंद लागतात. येथेंहि आज 33 चित्रें मिळतात. तेंच नवें कार्ड याहि संगणकांत बसवा. आतां 28 मोठे. चित्रें 36 झालीं. कार्ड तेंच, किंमत तीच. पण एकास पन्नास चित्रें अधिक मिळालीं, दुसऱ्यास तीन! "माझ्या मित्रानें हें कार्ड घेतलें, त्याचा खेळ सुरेख चालतो," एवढ्यावरून आपण तेंच घेणें किती धोक्याचें आहे, हें यावरून ध्यानांत येईल.

पडद्याचाहि विचार केला पाहिजे. 1920 गुणिले 1080 बिंदूंच्या पडद्यावर एकूण 20,73,600 बिंदु असतात. 1280 गुणिले 720 केले तर 9,21,600. म्हणजे रंगकाम सव्वादोन पटींनीं कमी होतें. प्रोसेसरचा हिशेब मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. या फरकाचा उपयोग पुढें आहे.

अडणारी जागा कशी शोधावी?

या परीक्षेस एक पैहि लागत नाहीं. खेळांत चित्रांचा आंकडा पडद्यावर दाखविण्याची सोय बहुधा असते. ती चालू करावी. चित्रांवर मर्यादा घालणारी 'व्ही-सिंक' सारखी सोय असेल तर ती परीक्षेपुरती बंद ठेवावी. नंतर खेळांतील एकच जागा निवडून तेथें आंकडा पाहावा, बिंदुसंख्या 1080 वरून 720 वर आणावी आणि त्याच जागीं पुन्हां पाहावें. चित्रें पुष्कळ वाढलीं, तर कार्ड अडत होतें. चित्रें होतीं तेवढींच राहिलीं, तर प्रोसेसर अडत आहे. नव्या कार्डानें फारसें कांहीं साधणार नाहीं.

विंडोजमधील 'टास्क मॅनेजर' हा या कामीं चांगला साक्षी आहे. खेळ चालू असतां त्यांतील 'परफॉर्मन्स' हें पान पाहावें. ग्राफिक्स कार्ड शंभर टक्क्यांच्या जवळ असेल तर भार त्याच्यावर आहे. रॅम कांठोकांठ भरली असून डिस्कहि शंभर टक्के दाखवीत असेल, तर बाक अपुरा आहे. रॅम मोकळी असून संगणक सुरू होतांना किंवा खेळ उघडतांनाच डिस्क शंभरावर जात असेल, तर कोठार मंद आहे. येथें एक सावधगिरी ठेवावी. प्रोसेसरचा एकूण आंकडा 40 टक्के दिसला म्हणून तो निवांत आहे असें समजूं नये. चार कारागिरांपैकीं एकावरच सर्व भार पडला असेल, तर तो घाम गाळीत असतो व सरासरी मात्र कमी दिसते. म्हणून बिंदुसंख्येची परीक्षा अधिक विश्वसनीय होय.

खर्चाचा क्रम

बुरूज बांधूं इच्छिणारा माणूस आधीं बसून खर्चाचा अंदाज करतो, असें प्रभु येशूनें एका दृष्टांतांत सांगितलें आहे. संगणक सुधारणारानेंहि आधीं बसावें, मग दुकानास जावें. आमच्या मतें क्रम पुढीलप्रमाणें असावा.

पहिली पायरी बिनखर्चाची. आपल्या भागांत उन्हाळा कडक. धूळ व पाचट जाळल्याची काजळी घरांत येतेच. ती पंख्यांत व धातूच्या पात्यांत सांचली म्हणजे प्रोसेसर तापतो, आणि फार तापला कीं स्वतःच्या रक्षणासाठीं स्वतःचा वेग कमी करतो. पुष्कळदां 'जुना झाला' म्हणून हिणविलेला संगणक नुसता कोंडलेला असतो. वीज बंद करून, वायर काढून, मऊ ब्रशानें धूळ झाडावी. पंखा गरगरूं नये म्हणून बोटानें धरावा. पुष्कळ वर्षांच्या यंत्रांत प्रोसेसरवरील उष्णतावाहक लेपहि वाळलेला असतो. तो नवा लावावा. शिवाय पडद्याची वायर कोठें लावली आहे तें पाहावें. वेगळें कार्ड असतांना वायर मदरबोर्डाच्या छिद्रांत लावून, कार्ड निकामी आहे अशी तक्रार करणारे विद्यार्थी आम्हीं एकाहून अधिक पाहिले आहेत!

दुसरी पायरी एसएसडी. अजून हार्ड डिस्कवरच चालणाऱ्या संगणकास एवढा दृश्य फरक दुसऱ्या कशानेंहि पडत नाहीं. मात्र खोटी आशा नसावी. एसएसडीमुळें संगणक लवकर सुरू होईल, खेळ लवकर उघडेल, मध्येंच बसणारे हिसके कमी होतील. सेकंदाचीं चित्रें सहसा वाढणार नाहींत.

तिसरी पायरी रॅम. 8 गिगाबाइटांच्या आंत आजच्या खेळांची फार कुचंबणा होते. 16 असल्यास बरें. एका मोठ्या पट्टीपेक्षां सारख्या दोन पट्ट्या योग्य जागीं बसविल्या तर माहिती दोन वाटांनीं वाहते. ज्या संगणकांत वेगळें कार्ड नसून प्रोसेसरमधील चित्रशक्तीवरच काम चालतें, त्यास याचा लाभ विशेष, कारण ती चित्रशक्ति रॅमच वापरते. डीडीआर3, डीडीआर4 व डीडीआर5 या तीन जाती एकमेकींच्या जागीं बसत नाहींत. त्यांच्या खांचाच निराळ्या असतात. किंमतीविषयींहि सावध असावें. 2025 च्या उत्तरार्धांत कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रशाळांची मागणी वाढून रॅमचे भाव जगभर झपाट्यानें चढले. म्हणून गेल्या वर्षीं कोणी काय दिलें हें न ऐकतां, त्याच आठवड्यांत दोनतीन दुकानीं भाव विचारावा.

चौथी पायरी ग्राफिक्स कार्ड, आणि त्याच्या जोडीनें एसएमपीएस. या दोहोंचा विचार एकत्रच करावा. आमच्या हातून चूक झाली ती येथेंच.

पांचवी पायरी प्रोसेसर. यांत मदरबोर्डाची अनुमति लागते. एएमडीच्या एएम4 बैठकीचें आयुष्य दीर्घ ठरलें. 2018 सालच्या बी450 जातीच्या मदरबोर्डांवर बायोस अद्ययावत करून 2022 सालचा रायझन 5 5600 बसवितां येतो. इंटेलनें आपल्या बैठका अधिक वेळां बदलल्या; चौथ्या पिढीच्या मदरबोर्डांत आठव्या पिढीचा प्रोसेसर कोणत्याहि उपायानें बसणार नाहीं.

कचेरींतून निघालेला संगणक

आपल्याकडे अनेक घरीं कचेरींतून निवृत्त झालेला संगणक येतो. तो मजबूत व स्वस्त असतो, म्हणून त्यास नांवें ठेवूं नयेत. परंतु त्याची पेटी बहुधा अरुंद, एसएमपीएस लहान, आणि कित्येकदां त्याच्या जोडण्याहि इतरांहून निराळ्या असतात. अशा ठिकाणीं एक आंकडा पाठ करावा : 75 वॅट. मदरबोर्डाच्या खांचेंतून कार्डास जास्तींत जास्त एवढीच वीज मिळूं शकते. कांहीं लहान कचेरी-संगणकांत तर त्याहूनहि कमी देण्याची मर्यादा असते. ती त्या यंत्राच्या पुस्तिकेंत पाहावी. याहून अधिक वीज लागणाऱ्या कार्डास एसएमपीएसपासून निराळी वायर हवी.

खांचेच्याच विजेवर चालणारीं कांहीं कार्डें पुढीलप्रमाणें आहेत : 2016 सालचें जीटीएक्स 1050 टीआय, 2019 सालचें जीटीएक्स 1650, आणि 2024 सालचें आरटीएक्स 3050 चें 6 गिगाबाइटांचें रूप, जें सुमारें 70 वॅट घेतें. मात्र याच नांवाचीं कांहीं कार्डें निराळी वायर मागतात. म्हणून नांवावर न जातां प्रत्यक्ष कार्डाची कड पाहावी. 2022 सालचें आरएक्स 6400 तर 53 वॅटच घेतें. पण तें मदरबोर्डाशीं चारच मार्गिकांनीं जोडलेलें असतें, त्यामुळें जुन्या मदरबोर्डावर त्याची शक्ति कांहींशी वायां जाते. पेटी अरुंद असेल तर कार्ड अर्ध्या उंचीचें हवें. पट्टी घेऊन पेटीच्या आंतील लांबी व उंची मोजावी, आणि तो कागद खिशांत घालूनच दुकानीं जावें.

ज्याची पेटी मोठी व जोडण्या सर्वसाधारण आहेत, त्यानें विजेचा हिशेब असा करावा. प्रोसेसर 65 वॅट, 2021 सालचें आरएक्स 6600 कार्ड 132 वॅट, बाकी सर्व मिळून 50 वॅट. बेरीज 247 वॅट. कार्डें क्षणभर याहून अधिक वीज ओढतात व एसएमपीएस सदैव कमाल भारावर चालवूं नये, म्हणून 450 ते 550 वॅटांचा चांगला एसएमपीएस घ्यावा. त्याच्या चिठ्ठीवरील मोठ्या अक्षरांतील वॅट वाचून थांबूं नये; 12 व्होल्टांच्या ओळींत किती अँपिअर लिहिले आहेत तें पाहावें. 12 व्होल्ट व 30 अँपिअर म्हणजे 360 वॅट. प्रोसेसर व कार्ड यांच्या कामाची वीज मुख्यतः तीच. हा गुणाकार आमचे दहावीचे विद्यार्थी तोंडीं करतात. तो दुकानांतहि करावा. हलक्या एसएमपीएसमध्यें वांचविलेला पैसा एखाद्या दिवशीं कार्ड व मदरबोर्ड दोन्ही घेऊन जातो.

कोठें थांबावें?

जुन्या वस्त्रास नव्या कापडाचें ठिगळ लाविलें तर वस्त्र अधिकच फाटतें, हा शुभवर्तमानांतील दृष्टांत येथें आठवतो. फार जुन्या यंत्रावर मोठा खर्च करणें हें त्यांतलेंच. विंडोज 10 ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा 14 ऑक्टोबर 2025 रोजीं संपली. विंडोज 11 इंटेलच्या बाबतींत साधारणतः आठव्या पिढीपासूनचे प्रोसेसरच अधिकृतपणें स्वीकारतें. लिनक्स विनामूल्य आहे व जुन्या यंत्रावरहि चालतें. पण वॅलोरंटसारखे कांहीं खेळ त्यावर चालत नाहींत.

यावर आमचा साधा नियम असा आहे : यंत्र जुनें असेल तर जें पुढल्या यंत्रांत नेतां येईल तेंच घ्यावें. एसएसडी, सर्वसाधारण मापाचा एसएमपीएस, पडदा, कीबोर्ड व बहुतेक वेळां कार्ड हीं पुढें नेतां येतात. डीडीआर3 रॅम व जुन्या बैठकीचा प्रोसेसर त्याच यंत्राबरोबर संपतात. तीं अगदीं स्वस्तांत मिळाल्याशिवाय घेऊं नयेत. कांहीं वेळां उत्तम सल्ला हाच असतो कीं, यंदा कांहींच न घेतां पैसा राखून ठेवावा.

वापरलेला माल घ्यावा काय? घ्यावा, पण डोळे उघडे ठेवून. 2022 च्या सप्टेंबरांत इथेरिअम या आभासी चलनाची जुनी पद्धति बंद झाली, आणि त्या कामीं रात्रंदिवस राबलेलीं पुष्कळ कार्डें बाजारांत आलीं. राबलेलें कार्ड वाईटच असतें असें नाहीं, तथापि पंख्यांचा आवाज ऐकावा, निदान अर्धा तास खेळ चालवून पाहावा, पावतीवरील क्रमांक कार्डावरील क्रमांकाशीं ताडून घ्यावा, आणि "बसलें नाहीं तर परत घ्याल काय?" हा प्रश्न पैसे देण्यापूर्वीं विचारावा. नंतर विचारल्यास काय होतें, तें आम्हीं वर सांगितलेंच आहे.

पालकांसाठीं दोन शब्द

खेळाचा संगणक वीज किती खातो, असें आम्हांस पालक विचारतात. खेळतांना 250 वॅट घेणारा संगणक रोज दोन तास चालला, तर अर्धा युनिट होतो. महिन्यास 15 युनिट. यापेक्षां अधिक चिंता विजेच्या लपंडावाची करावी. आपल्याकडे दाब कमीजास्त होतो व वीज अवचित जाते. म्हणून चांगली अर्थिंग व एक साधा यूपीएस हीं मोठ्या कार्डाच्या आधीं यावीं.

खेळ म्हणजे वेळेचा नाशच, असें आम्ही म्हणत नाहीं. संगणक स्वतः उघडून, मोजून, हिशेब करून सुधारणारा मुलगा त्या आठ दिवसांत वीज, उष्णता व प्रमाण हीं प्रकरणें पुस्तकापेक्षां चांगलीं शिकतो. तेंच यंत्र पुढें चित्रकलेस, हिशेबास व प्रोग्रॅमिंगलाहि उपयोगी पडतें. परंतु खेळ व जुगार यांत भेद आहे. 2025 सालच्या केंद्रीय कायद्यानें पैसे लावून खेळावयाच्या ऑनलाइन खेळांस मनाई केली आहे, ई-स्पोर्ट्सला मात्र क्रीडा म्हणून मान्यता दिली आहे. हा भेद घरांत बसून मुलाशीं बोलावा. तास किती, हें आधींच ठरवावें. आणि घरांत बहिणीसहि त्या यंत्रावर तेवढाच हक्क आहे, हें विसरूं नये.

तो विद्यार्थी पुढल्या हंगामांत पुन्हां आमच्या दारीं आला. या वेळीं त्यानें पेटीच सायकलीस बांधून आणिली होती. वडील मागून चालत होते. पेटी उघडली. आंत बोटभर धूळ, 4 गिगाबाइटांची एकच पट्टी, आणि खडखडणारी हार्ड डिस्क! कार्डानें तेथें काय केलें असतें? धूळ काढली, कार्ड विकून आलेल्या पैशांतून एक एसएसडी व आणखी एक पट्टी आली. कांहीं महिन्यांनंतर खांचेच्या विजेवर चालणारें एक लहान कार्ड बसलें. त्याचे आवडते दोन खेळ 720 बिंदुसंख्येवर सुरळीत चालूं लागले. नवे भारी खेळ त्यावर चालत नाहींत, आणि तें त्यास ठाऊक आहे. त्या दिवशीं पेटी बंद करतांना वडील एवढेंच म्हणाले, "सर, हें आधींच उघडून पाहिलें असतें तर?" आमच्यापाशीं उत्तर नव्हतें.

म्हणून या सुटींत ज्यास सल्ला हवा असेल त्यानें एका कागदावर एवढें लिहून आणावें : प्रोसेसरचें नांव व पिढी, मदरबोर्डाचें नांव, रॅमची जात व पट्ट्यांची संख्या, डिस्कचा प्रकार, एसएमपीएसचे वॅट व 12 व्होल्टांवरील अँपिअर, पेटीची आंतील लांबी व उंची, पडद्याची बिंदुसंख्या, बिंदुसंख्येच्या परीक्षेचे दोन आंकडे, आणि घरांत मोकळेपणानें ठरलेली रक्कम. शेवटची ओळ मुलानें एकट्यानें लिहूं नये. ती वडिलांच्या किंवा आईच्या हातची असावी. एवढा कागद भरून झाला कीं बहुतेकांस आमच्याकडे येण्याची गरजच उरणार नाहीं.